जामखेडचा जमाखर्च

बँकेत अंगठ्याला फार मोल असतं. ज्याला सही येत नाही, त्याचा अंगठा हीच त्याची ओळख. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायचा, तो स्लिपवर उमटवायचा, बाजूला दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, की व्यवहार पुरा. १९८६ साली मी नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका लहानशा शाखेत ग्रामीण विकास अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतून शेळ्या, म्हशी, शिलाई यंत्रं यांच्यासाठी कर्जं वाटायची आणि मग ती वसूल करत मोटारसायकलवरून धुरळा खात हिंडायचं, हे माझं काम. एका सोमवारी एक म्हातारा शेळ्यांच्या कर्जाचे कागद पुरे करायला आला. मी पॅड पुढे सरकवलं. त्यानं उपरण्याखालून हात बाहेर काढले. दोन्ही हातांना अंगठे नव्हते. उरलेली बोटं आत वळलेली होती, पक्ष्याच्या पंजासारखी.

पुढची पाच मिनिटं मी अजून विसरलेलो नाही. रोखपालानं पॅड पट्टीनं मागं ढकललं. शिपायानं म्हाताऱ्याला बाहेर पायरीवर बसायला सांगितलं. त्याच्याबरोबर दहा-अकरा वर्षांची नात होती, तीही बाहेर गेली. मी कुणालाच काही बोललो नाही. मी नियमांचं पुस्तक शोधू लागलो, कारण तेवढा वेळ कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागणार नव्हती. नियम सापडला. हाताचा अंगठा नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. तो ठसा पायरीवरच घेतला गेला. कागद आत आणला तो कोपऱ्याला चिमटीत धरून.

त्या दिवशीच्या खतावणीत एका कर्जाची नोंद झाली. आता मनात येतं, जिल्ह्याच्या आरोग्याच्या खतावणीत या माणसाची नोंद कुठे झाली असती? बहुधा कुठेच नाही. तो मेला नव्हता, साथीत सापडला नव्हता, दवाखान्यात दाखल नव्हता. तीस-चाळीस वर्षं तो बिनबोटांच्या हातांनी जगत होता आणि सरकारी अहवालांच्या लेखी तो एक जिवंत, म्हणजे यशस्वी, माणूस होता.

आपल्याकडे आरोग्याचा हिशेब मांडताना पहिली नजर जाते ती मृत्यूंकडे. हजार बाळांमागे किती दगावली, सरासरी आयुष्य किती वर्षांचं झालं, यावरून राज्य पुढे गेलं की मागं राहिलं ते ठरतं. हे आकडे महत्त्वाचे आहेतच. पण मृत्यू एकदाच मोजला जातो आणि पान उलटतं. पोलिओनं लुळा पडलेला पाय, गोवरानंतर गेलेले डोळे, अडलेल्या बाळंतपणात गुदमरून मंद झालेलं मूल यांचा खर्च दर दिवशी, घरातल्या प्रत्येकाच्या खात्यातून, पन्नास-साठ वर्षं चालू असतो. तो मांडायचा कुठे? हा प्रश्न मनात आला की मला आमच्याच जिल्ह्यातल्या एका बाईंची आठवण येते. जन्मानं त्या इथल्या नव्हत्या. पण आयुष्याची एकोणतीस वर्षं त्यांनी या मातीत घातली. त्यांचं नाव डॉ. मेबल आरोळे.

मेबल इमॅन्युएल यांचा जन्म २६ डिसेंबर १९३५चा, जबलपूरचा. वडील तिथल्या लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजात बायबलच्या नव्या कराराची ग्रीक भाषा शिकवत. घर पुस्तकांचं, प्रार्थनेचं, शिस्तीचं. तिथून त्या डॉक्टर व्हायला तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. डॉ. आयडा स्कडर यांनी उभारलेली ही संस्था त्या काळी दोन गोष्टींसाठी ओळखली जाई. एक म्हणजे स्त्री डॉक्टर घडवणं आणि दुसरी म्हणजे कुष्ठरोग्यांचे हात.

ही दुसरी गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्या म्हाताऱ्याच्या अंगठ्याशी तिचा थेट संबंध आहे. डॉ. पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद १९४६पासून पुढची वीस वर्षं वेल्लोरला होते. महारोगानं बोटं झडतात, मांस सडून गळून पडतं, असाच समज तोवर सर्वत्र होता. ब्रँड यांनी बारकाईनं पाहिलं, तेव्हा वेगळंच उघड झालं. जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतात, त्यामुळे हाताची संवेदना जाते. मग तवा भाजला तरी कळत नाही, विळा लागला तरी कळत नाही, पायात काटा मोडून पू झाला तरी माणूस चालत राहतो. बोटं जातात ती या रोज होणाऱ्या आणि लक्षात न येणाऱ्या जखमांनी. आकडलेला हात स्नायुबंध हलवून पुन्हा उघडता येतो, हेही त्यांनी शस्त्रक्रिया करून दाखवलं. याचा अर्थ फार मोठा होता. रोग होणं ही एक गोष्ट आणि रोगानं अपंग होणं ही अगदी दुसरी गोष्ट. या दोन्हींच्या मध्ये काही वर्षांचं अंतर असतं आणि त्या वर्षांत कुणीतरी पोचायला हवं असतं. पन्नाशीच्या दशकात मेबल शिकत होत्या त्या आवारात हे सारं घडत होतं.

वेल्लोरलाच त्यांची गाठ पडली रजनीकांत आरोळे यांच्याशी. हे मात्र आमच्या जिल्ह्याचे, पारनेर तालुक्यातल्या सुप्यात जन्मलेले, शिक्षकाचे चिरंजीव. १९६०मध्ये दोघांचं लग्न झालं. लग्नाच्या दिवशीच दोघांनी ठरवलं की आपली डॉक्टरकी खेड्यातल्या गरिबांसाठी. असे संकल्प तरुणपणी बरेच जण करतात. या दोघांनी तो शेवटपर्यंत पाळला, एवढंच वेगळं.

सुरुवात झाली नेवासे तालुक्यातल्या वडाळा मिशनच्या रुग्णालयात. १९६२ ते १९६६ ही चार वर्षं दोघं तिथं राबले. रुग्णालय भरून वाहायचं, दोघांचं नाव झालं. पण हळूहळू एक गोष्ट बोचू लागली. बरं करून पाठवलेलं मूल दोन महिन्यांनी त्याच जुलाबानं परत यायचं. एका बाईचं बाळंतपण सोडवावं, तर त्याच गावची दुसरी बाई बैलगाडीतच संपलेली असायची. दारात येणारे बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे होते आणि रुग्णालयाच्या चार भिंतींत बसून ते टाळता येणार नव्हते. मला वसुलीच्या नोकरीत जे कळायला दहा वर्षं लागली, ते त्यांना चार वर्षांत कळलं. खातं थकल्यावर दारात येऊन बसणारा अधिकारी कितीही हुशार असो, त्याला उशीर झालेला असतो.

मग दोघं फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले. क्लीव्हलंडला वैद्यक आणि शल्यचिकित्सेचा अनुभव घेतला आणि शेवटी बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली. तिथं डॉ. कार्ल टेलर हे त्यांचे गुरू. समोरच्या रोग्याबरोबरच, जो दवाखान्यापर्यंत येतच नाही त्या माणसाचा विचार करायचं शास्त्र त्यांनी तिथं आत्मसात केलं. अमेरिकेत राहून सुखानं प्रॅक्टिस करण्याचा मार्ग मोकळा होता. १९७०मध्ये दोघं परत आले ते थेट जामखेडला.

नगर जिल्हा म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे ऊस येतो, प्रवरानगर येतं, सहकाराची सुबत्ता येते. तो उत्तरेचा नगर. जामखेड दक्षिणेच्या टोकाला, बीड-उस्मानाबादच्या सीमेवरचं. उस्मानाबादचं आता धाराशिव झालं आणि आमच्या अहमदनगरचं अहिल्यानगर; ज्यांच्या नावावरून हे नाव मिळालं त्या अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चोंडी याच तालुक्यात आहे. मराठे आणि निजाम यांची १७९५ची शेवटची मोठी लढाई झाली ते खर्डाही इथलंच. इतिहास भरपूर, पाऊस मात्र बेभरवशाचा. दसरा उलटला की घरं ओस पडायची आणि कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला निघायची. अशा ठिकाणी स्थानिक पुढाऱ्यांनी दोघांना जागा दिली ती गुरांच्या जुन्या, वापरात नसलेल्या दवाखान्याची. तिथंच ‘समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ सुरू झाला.

गावकऱ्यांना आरोग्यकेंद्र हवं होतं असं मात्र नाही. त्यांना हवं होतं पाणी आणि धान्य. आणि लवकरच १९७२चा दुष्काळ येऊन ठेपला. तो ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिला त्यांनी घरातल्या आजीला सुकडीची चव विचारावी. आरोळे दांपत्यानं औषधाची पेटी बाजूला ठेवून पोरांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू केला, विंधन विहिरी खणवल्या. या विहिरींच्या जागा त्यांनी हेतुपुरस्सर दलित वस्तीजवळ निवडल्या. पाण्यासाठी साऱ्या गावाला तिथं यावं लागलं. पुरुषांना एकत्र आणायला त्यांनी व्हॉलीबॉलचं जाळं बांधलं. खेळता खेळता वेगवेगळ्या जातींची पोरं एका बाजूला आली आणि त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. वरवर पाहता यात वैद्यकी कुठेच नाही. पण पोलिओचा विषाणू विष्ठेतून, पाण्यातून पसरतो. जुलाबानं आणि उपासमारीनं खंगलेल्या मुलाच्या अंगातलं अ जीवनसत्त्व संपतं, संध्याकाळी त्याला दिसेनासं होतं आणि त्यात गोवर आला की बुबुळ पांढरं पडून डोळा कायमचा जातो. विहीर, परसातला शेवगा आणि लस या तिन्हींमुळे किती डोळे आणि किती पाय वाचले, ते कुणी मोजलेलं नाही. वाचलेल्या पायाची पावती मिळत नसते.

मेबलबाईंचं खरं काम यापुढे सुरू झालं. आधी त्यांनी प्रशिक्षित परिचारिका गावोगाव नेमून पाहिल्या. ते जमलं नाही. शहरात शिकलेली एकटी मुलगी खेड्यात राहणार कशी आणि गाव तिचं ऐकणार का? तेव्हा गावातलीच एखादी पोक्त बाई निवडून तिलाच शिकवावं, असा विचार पुढे आला. निवड गावानं करायची. आलेल्या बायकांत कितीतरी जणी दलित होत्या, अनेकींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, काही जणी नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करत. सुरुवातीला एकमेकींच्या हातचं पाणी घेणंही कठीण. मेबलबाई त्यांच्यात बसत, चित्रं दाखवत. एकदम सगळं शिकवायची घाई नव्हती. एका आठवड्यात जुलाबाचं मूल, पुढच्या आठवड्यात बाळाची नाळ, मग टीबीचा खोकला. सेविका गावात परतायची आणि घराघरांत जे शिकली ते सांगायची. पुढच्या खेपेला गावातलं सगळं घेऊन यायची. कुणाला दिवस गेलेत, कोणतं पोर चालायच्या वयात चालत नाही, कुणाच्या पाठीवर बधिर चट्टा आहे. मराठी मेबलबाईंची मायबोली नव्हती. पण या बायकांना जे जन्मापासून कुणी विचारलं नव्हतं, ते त्यांनी मराठीतच विचारलं.

त्या बधिर चट्ट्यानंच महारोगाचं चित्र पालटलं. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला तो कधी दिसत नाही, कारण तो दुखत नाही आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कुणी दिवसाची मजुरी बुडवत नाही. शिवाय घरात पोरीचं लग्न असलं तर तो लपवलाच जातो. पण न्हाऊ-माखू घालताना, शेतात खुरपताना, ओट्यावर गप्पा मारताना तो शेजारणीला दिसतो. आरोळे दांपत्यानं महारोग्यांसाठी वेगळी खिडकी ठेवली नाही. ते इतरांच्याच रांगेत उभे राहत, इतरांच्याच खोलीत तपासले जात. लपवण्याचं कारण कमी झालं आणि बोटं वाकण्याआधीच माणसं येऊ लागली.

प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींप्रमाणे १९७१च्या सुमारास या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. देशाचा आकडा तेव्हा १२९ होता. पाच वर्षांत जामखेडच्या गावांचा आकडा ५२वर आला आणि १९९६पर्यंत २६वर. पाच वर्षांखालच्या मुलांपैकी १०० मध्ये ४० कुपोषित होती. १९९६मध्ये ५ उरली. महारोगाचं प्रमाण सुरुवातीला हजारी ४ होतं, ते १९८६मध्ये हजारी १ झालं आणि पुढे त्याहूनही खाली आलं. शिक्षण नसलेल्या बायकांनी हे केलं, म्हणून जग पाहायला येऊ लागलं.

इथं मला माझ्या जुन्या धंद्याची थोडी पोपटपंची करू द्या. कर्जाच्या खात्यात दोन आकडे असतात. एक एकूण थकबाकी, दुसरा यंदा नव्यानं थकलेली रक्कम. नवीन शाखाधिकारी आला की त्याला एकूण थकबाकीवरून झोडपणं हा अन्याय असतो. ती बऱ्याचदा मागच्या चौघांनी करून ठेवलेली असते. त्याचं काम पाहायचं तर यंदा नवीन किती खाती थकली ते पाहावं. अपंगत्वाचंही तसंच आहे. गावातल्या एकूण अपंगांचा आकडा ही मागच्या साठ वर्षांची थकबाकी. आजच्या धोरणाची परीक्षा घ्यायची तर लहान मुलांत नव्यानं किती जण अपंग होताहेत, हे पाहावं लागतं. त्यातही काळजी हवी. चांगले उपचार मिळाले म्हणून जे मूल पूर्वी मेलं असतं ते व्यंग घेऊन जगतं. लोकांचं वय वाढतं तसे मोतीबिंदू आणि झिजलेले गुडघे वाढतात. एकूण प्रमाण वाढलं म्हणजे धोरण फसलंच असं नव्हे आणि घटलं म्हणजे साधलंच असंही नव्हे. वय कोणतं, कारण कोणतं, ते टाळता येण्याजोगं होतं का, हे तीन रकाने भरल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही.

आणि मुळात मोजणार कोण? १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होतं. त्या वर्षीच्या जनगणनेत देशात सुमारे ११ लाख अपंग भरले. त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणीनं सव्वा कोटीच्या जवळपास आकडा काढला. एकच देश, एकच वर्ष आणि दहापटीचा फरक! जनगणनेनं पूर्ण अपंगत्वाविषयीच विचारलं होतं, पाहणीनं जास्त खोदून विचारलं. १९९१च्या जनगणनेत तर हा प्रश्नच गाळला गेला. २००१मध्ये तो परत आला आणि २ कोटी १९ लाख माणसं सापडली, २०११मध्ये २ कोटी ६८ लाख. दारात उभा राहिलेला परका प्रगणक घरातल्या मुकबधिर मुलीविषयी विचारतो, तेव्हा आई नाही म्हणते. शेजारची सेविका विचारतच नाही, कारण तिला ते आधीच ठाऊक असतं. म्हणूनच जामखेडच्या बायकांनी ठेवलेली नोंद मला दिल्लीतल्या मोठ्या तक्त्यांपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

मेबलबाई आणि रजनीकांत जुन्या थकबाकीकडे पाठ फिरवून बसले नाहीत. नवीन अपंगत्व थांबवणं हे एक काम, आधीच अपंग झालेल्याला उभं करणं हे दुसरं. जयपूरला १९६८च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा, स्वस्त पाय तयार केला. तो घालून मांडी घालता येते, चिखलात उभं राहता येतं, अनवाणी चालता येतं. ज्याला ओलित करायचंय आणि पंगतीत बसायचंय, त्याला असाच पाय हवा. जामखेडच्या प्रकल्पात या कृत्रिम पायांची आणि कॅलिपरची कार्यशाळा उभी राहिली आणि त्यात आसपासच्याच माणसांना शिकवून कामाला लावलं गेलं. ऊस तोडताना, मोट ओढताना, सर्पदंशानंतर चिघळून पाय गमावलेली माणसं तिथून चालत घरी जाऊ लागली.

बाहेरच्या जगानं दखल घेतली, तीही लवकर. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांनी स्वतः घडवलेल्या आरोग्याच्या प्रयोगांवर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७८च्या सप्टेंबरात कझाकस्तानातल्या अल्मा-आटा इथं जगभरचे देश जमले आणि सर्वांसाठी प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा निघाला. त्यामागे ज्या मोजक्या प्रयोगांची पुण्याई होती त्यांत जामखेड गणलं जातं. १९७९मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडची एक सेविका तर वॉशिंग्टनला जागतिक आरोग्याच्या परिषदेत बोलून आली. तिथली झगमगती झुंबरं पाहून तिनं आपली तुलना छोट्या पणतीशी केली, जी झुंबरासारखी महाग नसते आणि एकीवरून दुसरी लावता येते. १९९२मध्ये जामखेडला प्रशिक्षण संस्था उभी राहिली, देशोदेशीचे डॉक्टर तिथं येऊन या बायकांपुढे वही घेऊन बसू लागले. १९९४मध्ये दोघांनी मिळून या साऱ्या वाटचालीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं.

योगायोग असा, की त्याच सुमारास जगाच्या हिशेबनीसांनाही आपल्या खतावणीतली उणीव उमगली. १९९३मध्ये जागतिक बँकेच्या वार्षिक अहवालात एक नवीन माप आलं. अकाली मृत्यूनं गेलेली वर्षं आणि अपंगत्वात काढलेली वर्षं यांची बेरीज करून रोगाचा भार मोजायचा. हे माप वादाचं ठरलं. अपंग माणसाचं एक वर्ष धडधाकट माणसाच्या वर्षापेक्षा कमी धरायचं, हे अनेकांना खटकलं आणि ते खटकणं रास्त आहे. पण निदान अहवालात जिवंत माणसाच्या दुःखाला रकाना मिळाला. महारोगाच्या बाबतीत तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०११पासून उद्दिष्टच बदललं. नव्यानं सापडलेल्या रुग्णांपैकी किती जणांच्या हातापायांत वा डोळ्यांत ढळढळीत व्यंग आधीच आलं होतं, त्याचं दर एक लाख लोकसंख्येमागचं प्रमाण हा कसोटीचा आकडा ठरला. हा आकडा रोगाचा नाही, तो उशिराचा आहे. यंत्रणा रुग्णाच्या दारात किती उशिरा पोचली, ते तो सांगतो. जामखेडच्या सेविका चाळीस वर्षं आधी हेच पाहत होत्या; त्यांच्याकडे फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हतं.

मेबलबाई हे पाहायला नव्हत्या. सप्टेंबर १९९९मध्ये त्या गेल्या, त्रेसष्टाव्या वर्षी. रजनीकांत त्यांच्यानंतर बारा वर्षं काम करत राहिले आणि २०११मध्ये गेले. त्यांची मुलं, डॉ. शोभा आणि रवी, यांनी काम पुढे नेलं. २००५मध्ये देशभर आशा सेविका नेमल्या गेल्या, तेव्हा त्या कल्पनेला जामखेडची वाट पुढे होती. १३ जानेवारी २०११ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आज शाळेच्या मैदानावर पाहा. कुबड्या घेऊन एका कडेला बसलेलं पोलिओचं पोर दिसत नाही. आमच्या वर्गात तशी दोन होती. सगळी घसरण होऊनही आपल्याला अभिमानानं दाखवता येईल असा हा एक ताळेबंद आहे.

महारोगाचा मात्र तसा नाही. २००५च्या अखेरीस देशपातळीवर दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले आणि रोगाचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. थकबाकी खाली आली की वसुली पथक मोडायची सवय सरकारला आणि बँकांना सारखीच. घरोघर जाऊन चट्टे शोधण्याचं काम सैल पडलं. मग २०१६पासून पुन्हा शोधमोहिमा काढाव्या लागल्या. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही आपल्या देशातले असतात आणि त्यांत लहान मुलंही असतात. ज्या मुलाला चट्टा आहे त्याच्या घरात किंवा शेजारात कुणीतरी बिनउपचाराचा मोठा माणूस आहे, एवढा त्याचा सरळ अर्थ.

पुढची जनगणना २०२७ची ठरली आहे. प्रगणक तुमच्या आमच्या दारी येईल तेव्हा घरातल्या दिव्यांग माणसाविषयी विचारील. त्याला खरं सांगावं. लाजेनं लपवलेलं एक नाव म्हणजे एका कॅलिपरची, एका शिक्षकाची, एका निवृत्तिवेतनाची कमी झालेली तरतूद.

त्या म्हाताऱ्याचं कर्ज वेळेवर फिटलं, हे सांगायचं राहिलं. तो दर महिन्याला हप्ता घेऊन यायचा आणि आपण होऊन पायरीवरच बसायचा. त्याला आत बोलवायला मी पुष्कळ दिवस घेतले. सात वर्षांनी बदली होऊन मी पुन्हा त्या भागात गेलो, तोवर तो वारला होता. एक दिवस त्याची नात खातं उघडायला आली. लहानपणी तिच्या दंडावर फिका चट्टा होता. गावातल्या आरोग्य सेविकेनं तो पाहिला, हात धरून तिला दवाखान्यात नेलं, गोळ्या पुऱ्या करवल्या, असं तिच्या आईनं सांगितलं. मी सवयीनं शाईचं पॅड पुढे केलं. तिनं ते बाजूला सारलं, टेबलावरचा माझाच पेन उचलला आणि पाचही बोटांनी नीट धरून, सावकाश, नमुन्याच्या कार्डावर तीन वेळा आपली सही केली.